दहा बाय दहाची सापशिडी

वस्तू निवडण्यात माझा हात धरणारा अख्ख्या मुलुंड पूर्वेत कोणी नाही. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. घरातला मिक्सर माझ्या निवडीचा आहे. सुरू केला की शेजारचे लोक खिडक्या लावून घेतात, पण चटणी काय बारीक होते!

त्यामुळे आमच्या गंधालीला, म्हणजे पावणेपाच वर्षांच्या एकुलत्या एक मुलीला, पहिला बोर्डगेम आणायचं ठरलं तेव्हा मी बायकोला सांगून टाकलं, "नीलम, तू यात पडू नकोस. हे काम माझं."

"ती हरली की काय करते तेवढं लक्षात ठेव, म्हणजे झालं," नीलम म्हणाली.

ते विसरणं शक्यच नव्हतं. भिकार-सावकार खेळताना हरायला लागली तेव्हा गंधालीने चारही एक्के तांदळाच्या डब्यात पुरले होते. मैत्रिणीच्या वाढदिवसाला संगीत खुर्चीत पहिलीच बाद झाली, तर आपण दिलेलं गिफ्ट परत मागितलं. मैत्रीण देईना, तेव्हा केकसमोर आडवी पडली. तेव्हापासून तिला कुठे खेळायला बोलावणं येत नव्हतं, आणि याचं नीलमला मनातून फार लागलं होतं. मलाही.

आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत मी खेळांचा अभ्यास केला. एका खेळात वाचता यायला हवं होतं. एकात बारीक मणी होते, ते गंधालीच्या नाकात जाणार याची मला खात्री होती, कारण वाटाणा जाऊन आलेला आहे. एकाचे नियम मलाच कळले नाहीत. शेवटी मी सापशिडीवर येऊन थांबलो. नुसता फासा टाकायचा. अक्कल लागत नाही, म्हणजे हरलं तरी कोणी अक्कल काढत नाही. आणि साप काय, सगळ्यांनाच गिळतो. ऑनलाइन एक झकास सापडली. खाली लिहिलं होतं, 'मजबूत, धुता येणारी, १० x १०'. दहा बाय दहा घरं. सापशिडी तेवढीच असते. मी डोळे झाकून मागवली.

रविवारी सकाळी वॉचमनचा इंटरकॉम आला. "साहेब, तुमची सतरंजी आलीये. लिफ्टमध्ये जात नाही."

खाली जाऊन बघतो तर माझ्यापेक्षा उंच गुंडाळी भिंतीला टेकून उभी. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत उशीएवढा कापडी फासा. लेबलवर लिहिलेलं, 'दहा फूट बाय दहा फूट. शाळा व मैदानांसाठी उपयुक्त.'

वॉचमन आणि मी ती खांद्यावर घेऊन जिना चढायला लागलो, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या माणिककाकू भाजीची पिशवी घेऊन आल्या.

"काय रे विद्याधर, काही कार्यक्रम वाटतं?"

"गंधालीचं... पहिलंच आहे ना काकू... म्हणून जरा मोठं झालं," मी धापा टाकत म्हणालो.

"अगं बाई! किती वाजता?"

गंधाली दुपारची झोपून पाचला उठते. मी म्हणालो, "पाचला."

घरी हॉलमध्ये आम्ही ती अंथरली. म्हणजे अंथरेल तेवढी अंथरली. एक ते साठ घरं जमिनीवर आली, एकसष्ट ते नव्वद सोफ्यावर चढली आणि उरलेली भिंतीवर गेली. नीलम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"हे तू निवडलंस," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

परत पाठवावी म्हणून मी फोन काढला, पण गंधाली तोवर एका सापाच्या पोटावर पालथी झोपून त्याची लांबी मोजत होती. पिशवीत सोंगट्या नव्हत्या. सोंगटी म्हणून आपणच उभं राहायचं होतं.

"बाबा, आपण सापावर चालायचं?" तिने विचारलं.

असा चेहरा पाहिल्यावर माणूस सामान परत पाठवत नाही. मी ठरवलं, पाचला खाली पार्किंगमध्ये अंथरू, तिघं खेळू, गुपचूप वर येऊ.

पाचला खाली उतरलो तर तीसेक माणसं खुर्च्या मांडून बसलेली. इस्त्रीचे कपडे. काहींच्या हातात पाकिटं. माणिककाकू गजरा माळून पहिल्या रांगेत.

"काकू, हे काय?"

"काय म्हणजे? गंधालीच्या पहिल्या नाचाचा कार्यक्रम ना? मी ग्रुपवर टाकलं, पाचला पार्किंगमध्ये. आपले सगळे कार्यक्रम इथेच तर होतात. सतरंजी घेऊन चालला होतास तेव्हाच मी ओळखलं."

गंधालीने जन्मात नाच केलेला नाही. नीलमने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तीस लोकांचं सरबत करायला ती मुकाट्याने वर गेली.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरकाका आले. हा माणूस रस्त्यात भेटला तरी आधी नियम सांगतो, मग नमस्कार करतो.

"कार्यक्रमाची परवानगी?"

"कार्यक्रम नाही काका. सापशिडी आहे."

"मग उचला. इथे गाड्या लागतात."

"काका, चपला काढा," गंधाली म्हणाली, "आणि एक नंबरवर उभे राहा."

"मी सेक्रेटरी आहे, बाळ."

"सगळे एकपासूनच."

मागून कोणीतरी हसलं. मधुकरकाकांनी मान वळवून पाहिलं, कोण ते कळेना. एवढ्या लोकांसमोर मुलीशी वाद घालणं बरं दिसेना. त्यांनी चपला काढल्या.

काका, काकू, मी आणि गंधाली असे चौघं खेळायला लागलो. दोन्ही हातांनी कवटाळून गंधाली फासा फेकायची आणि तीस माणसं एका सुरात घरं मोजायची. काकूंना शिडी लागली तेव्हा त्या साडी सावरत खरंच पावलं उचलून चढल्या. वरच्या गॅलऱ्यांमधून लोक सल्ले द्यायला लागले, जसं काही फासा ऐकतो. मधुकरकाका बघता बघता सत्त्याण्णववर पोचले. छाती पुढे आली. मग एक पडला, आणि अठ्ठ्याण्णववर साप होता.

"हे कुठल्या नियमात बसतं?" ते म्हणाले.

गंधालीने त्यांचं बोट धरलं आणि सापाच्या अंगावरून चालवत त्यांना थेट सातवर नेऊन सोडलं. काका सातवर उभे राहिले, वर अठ्ठ्याण्णवकडे पाहिलं आणि हसले. अकरा वर्षं या सोसायटीत आहे मी, त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

आणि मग ते झालं. सत्त्याऐंशीवर गंधालीला साप लागला. थेट चोवीस. नीलम सरबताचा ट्रे घेऊन जिन्याशीच थबकली. गंधालीचा खालचा ओठ बाहेर आला. मी डोळे मिटून घेतले.

"ये गं इकडे," मधुकरकाकांचा आवाज आला. ते एव्हाना बावीसवर आले होते. "मी एकटाच आहे केव्हाचा."

डोळे उघडले तर गंधाली सापाच्या डोक्यावर बसली होती. ओठ आत गेला. तिने दोन्ही हात वर केले आणि बुडावर घसरत घसरत चोवीसवर आली. सगळं पार्किंग टाळ्यांनी भरून गेलं.

"बाबा," ती ओरडली, "मला परत साप पाहिजे!"

डाव काकूंनी जिंकला. सगळ्यांत जोरात टाळ्या गंधालीने वाजवल्या, आणि आपणहून जाऊन काकूंशी हात मिळवला. दोन मुलींच्या आयांनी तिथल्या तिथे तिला उद्या खेळायला बोलावलं. नीलमने पहिला ग्लास मला दिला आणि हळूच म्हणाली, "बरी निवडलीस रे." मधुकरकाकांनी जाहीर केलं की दर रविवारी पाच ते सात इथे एकही गाडी लागणार नाही. लोक येऊन माझी पाठ थोपटत होते. मी नम्रपणे सांगत होतो की आठ दिवसांचा अभ्यास आहे मागे.

लोकांच्या आग्रहाने दुसरा डाव मांडला. त्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो. शहाण्णववर असताना मला दोन पडले.

आता, तो फासा नीट थांबलाच नव्हता. वाऱ्याने हलला. मी तसं स्पष्ट सांगितलं आणि परत टाकायला मागितला. मधुकरकाका म्हणाले वारा नाही. मी म्हणालो, जमिनीला उतार आहे. काकू म्हणाल्या, मगाशी नव्हता का? मी अठ्ठ्याण्णववर पाय रोवून उभा राहिलो आणि सांगितलं की या अशा वातावरणात मला खेळायचंच नाही.

गंधालीने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग आईकडे वळून म्हणाली, "आई, बाबासाठी आधी छोटी आणायला पाहिजे होती."

त्या फाशाची एका बाजूची शिवण उसवली होती, हे मात्र मी आजही लेखी द्यायला तयार आहे.