आवक क्रमांक ४४१७ चे सविनय उत्तर

कुलूप हे चोराला अडवण्यासाठी नसते, मालकाला झोप लागावी म्हणून असते.

पक्षाच्या मुख्य कार्यालयात संगणकाच्या खोलीचे दार अंगठ्याच्या ठशाने उघडते. ते सारखे उघडावे लागू नये म्हणून फटीत विटेचा तुकडा ठेवलेला आहे. (विटेची नोंद सामानाच्या वहीत आहे.)

साहेबांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या पहिल्या विजयाची तारीख. कुणी विसरू नये म्हणून ती दरवर्षी पक्षाच्या कॅलेंडरवर लाल अक्षरांत छापतात.

एक सासूबाई अनोळखी फोन उचलतात, "घरात कुणी नाही" असे सांगतात आणि ठेवून देतात. पक्षात त्यांना कोणतेही पद नाही.

'पत्र कुणाचेही असो, उत्तर गेलेच पाहिजे.' (जिन्यातली पाटी.)

या सासूबाईंची सून पक्षाच्या संगणकांची सुरक्षा सांभाळते. अनोळखी मेल उघडू नका, हे एकच वाक्य चार वर्षे सांगत असल्यामुळे कार्यालय त्यांना व्हायरसबाई म्हणते. डॉक्टरांना कावीळवाले म्हणावे, तसे.

व्हायरसबाईंच्या ताब्यात घरोघर यादी असते. प्रत्येक मतदाराचे नाव, फोन, तो कुणावर रुसला आहे, कशाने खुलतो, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. निवडणूक तोंडावर आली होती. यादी बाहेर गेली तर महिनाअखेर संपणारा त्यांचा करार वाढणार नाही, हे चिटणीसांनी त्यांना तोंडी आणि लेखी कळवले होते.

कार्यालयाची तयारी उत्तम होती. मागच्या वर्षी बाईंनी परीक्षा म्हणून सर्वांना एक खोटा मेल धाडला होता: 'उमेदवारांच्या यादीत आपले नाव पाहण्यासाठी येथे दाबा.' त्रेचाळीसपैकी एकेचाळीस जणांनी दाबले. उरलेल्या दोघांपैकी एक रजेवर होते, आणि दुसऱ्यांनी सतरा वेळा दाबल्यामुळे त्यांची मोजणी वेगळी करावी लागली. निकाल लागल्यावर नऊ जण चिटणीसांना एकेकटे भेटले. मेल खोटा असला तरी यादी खरी आहे का, एवढेच त्यांना विचारायचे होते.

अशा कार्यालयात एका सोमवारी साहेबांच्या नावे मेल आला: 'आपल्या खात्याची मुदत संपत आहे. चोवीस तासांत पासवर्ड कळवा. मुख्य संगणक कार्यालय.' असे कार्यालय पृथ्वीतलावर नाही. आवक-जावक बघणाऱ्या काकांनी मेल छापला, शिक्का मारला आणि आवक क्रमांक ४४१७ देऊन व्हायरसबाईंच्या टेबलावर ठेवला.

"काका, अहो हा चोर आहे!"

"असेल की. पण बाई, आवक झालीये. जावक नको व्हायला?"

"त्याला पासवर्ड पाहिजे!"

"मग लिहा ना तसं. लाल शाईनं लिहा. मी हात धरलाय का?"

बाईंनी लाल शाईने लिहिले: 'हा चोर आहे. उत्तर देऊ नये.' कागद पुढे सरकला. दुसऱ्या टेबलाने लिहिले: 'वरील अभिप्रायाशी सहमत. तथापि उत्तर मुदतीत जावे.' तिसऱ्याने लिहिले: 'मुदत टळली आहे. मुदतवाढ मागावी.' ती मागितली. चोराने तासाभरात दिली. (सार्वजनिक जीवनात इतका तत्पर प्रतिसाद विरळाच.) पाचव्याने लिहिले: 'मजकूर गोपनीय असल्याने अंकी व अक्षरी द्यावा.' सहावे टेबल जेवायला गेले होते. या काळात चोराची तीन स्मरणपत्रे आली आणि प्रत्येकात त्याची भाषा सुधारत गेली. आठव्या दिवशी तो 'आपल्या कृपादृष्टीची' वाट पाहू लागला होता.

नवव्या दिवशी साहेबांनी गाडीत बसता बसता सही केली. पासवर्ड अंकी व अक्षरी रवाना झाला. चार तासांत पोच न आल्यामुळे चोरालाही एक स्मरणपत्र गेले.

जावक वहीत ही नोंद दिसताच व्हायरसबाई चप्पल न घालता धावल्या आणि चोराने तो वापरून बघायच्या आत त्यांनी साहेबांचा पासवर्ड बदलला. चोराच्या हाती कॅलेंडरावरची जुनी तारीख तेवढी राहिली. चार वर्षांत प्रथमच पक्षाचे संगणक सुरक्षित झाले.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली: 'आपण दिलेला पासवर्ड चालत नाही. आपल्यासारख्या संस्थेकडून ही अपेक्षा नव्हती.'

चिटणीसांनी बाईंना बोलावले. "अहो बाई, माणूस बिचारा दहा दिवस लिहितोय. आपली काही अब्रू आहे की नाही?"

"सर, तो चोर आहे."

"मान्य. पण खोटं कोण बोललं? आपण! उद्या बाहेर कळलं की पक्ष चुकीची माहिती देतो, तर?"

"सर, माझ्या सासूबाईसुद्धा…"

"त्यांना निवडणूक लढवायची नाहीये!"

बाईंनी नवा पासवर्ड दिला नाही. त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली: 'आपला करार या महिनाअखेर संपत असून त्याच्या नूतनीकरणावर आपल्या वर्तनाचा विपरीत परिणाम का होऊ नये, याचा खुलासा करावा.' खाली नेहमीप्रमाणे लिहिले होते: 'प्रत माहितीसाठी: तक्रारदार.'

तक्रारदाराने नोटीस काळजीपूर्वक वाचली. त्या इमारतीतला कागद शेवटपर्यंत वाचणारा तो पहिलाच माणूस.

सोमवारी सकाळी खुलासा लिहिताना बाईंची पेन्सिल दोनदा मोडली. मुलीच्या शाळेचे काय, घरच्यांना काय सांगायचे, हे डोक्यात चालू असतानाच मेल आला: 'आपला करार दोन वर्षांनी वाढवण्यात आला आहे. आदेश पाहण्यासाठी आपला पासवर्ड टाका.'

पाठवणारे कार्यालय अनोळखी होते. बाईंनी ते पाहिले. मग त्यांनी असे काही केले, जे त्यांनी त्रेचाळीस जणांना चार वर्षे करू नका म्हणून सांगितले होते.

घरोघर यादी अकरा वाजून वीस मिनिटांनी गेली.

चौकशी समितीला कोणतीही मानवी चूक आढळली नाही. सर्व सह्या जागच्या जागी होत्या. समितीने विटेच्या तुकड्यावर ठपका ठेवला आणि बाईंचा करार न वाढवण्याची शिफारस केली. अहवाल त्रेचाळीस जणांना मेलने पाठवला. तो मात्र एकानेही उघडला नाही.

या साऱ्याच्या दोन महिने आधी, यादी भरताना, तुमच्या नावापुढच्या रकान्यात व्हायरसबाईंनी शेरा लिहिला होता: 'काहीही पाठवा, उघडतात.'