सुदाम भाऊजींनी धरलेली जागा

धबधब्याच्या काठच्या काळ्या कातळावर सुदाम भाऊजींच्या चपला पडल्या होत्या आणि भाऊजी नव्हते.

चपला त्यांच्याच. हिरवे पट्टे, डावीचा अंगठा तुटलेला आणि सेफ्टी पिनेनं जोडलेला. खाली पैनगंगा अशी आपटत होती की शेजारच्याशीही मोठ्यानं बोलावं लागत होतं. माझी मुलगी लता एकदा चपलांकडे बघायची, एकदा पाण्याकडे. जावई कातळावर पालथे पडून खाली डोकावत होते. त्या वर्षी विहिरीच्या काठावर चपला दिसल्या की त्याचा अर्थ लहान पोरालाही सांगावा लागत नसे. आमच्याच गल्लीत श्रावणात तसं झालं होतं.

सुदाम भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर सांगायचे, "मुलगी पाहाले गेलतो, पन तिथं दुसऱ्यानं आधीच जागा धरली होती."

जागा धरणं हा त्यांचा धंदा म्हणा नाहीतर आजार म्हणा. त्यांना तो दिग्रसला लागला. तिथं कापूस विकायला नेला की बैलांच्या बंड्या आवारात उभ्या राहायच्या आणि माणसांची रांग चिठ्ठीच्या खिडकीपुढे लागायची. ती रांग काही लवकर हलत नसे. माणूस उभा तरी किती राहणार? मग रांगेत आपली चप्पल ठेवायची आणि चहाला जायचं. चप्पल आहे म्हणजे माणूस आहे, असा तिथला कायदा होता. तो भाऊजींनी साऱ्या जगाला लावला.

रेशनच्या दुकानात त्यांची चप्पल, दवाखान्याच्या बाकड्यावर त्यांची चप्पल. लग्नाला गेलं की नवरदेव यायच्या आधी पंगतीत ह्यांची चप्पल बसलेली. वाढणारे शिव्या देत. एकदा त्यांनी एसटीच्या खिडकीतून सीटवर चप्पल टाकली आणि गाडी सुटली. चप्पल पुसदला गेली, भाऊजी स्टँडवर राहिले. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं ती आणून दिली, तर त्यालाच विचारतात, "हिले कोनी उठवलं त नाही ना?"

बरं, ही जागा स्वतःसाठी कधीच नसे. कोणाची सून पोटुशी आहे, कोणाच्या म्हाताऱ्याला उभं राहवत नाही, त्यांच्यासाठी हे पहाटे जाऊन चप्पल ठेवणार आणि घरी येऊन सांगणार, "जागा धरली हाय, निवांत या." आणि स्वतः अनवाणी फिरणार. टाचांना एवढ्या भेगा की मी म्हणायची, भाऊजी, यात ज्वारी पेरली तर उगवेल.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. बोंड फोडलं की आत कापूस कमी आणि अळी जास्त. विकायला काही नाही, म्हणून दिग्रसला जाणं नाही, म्हणून रांग नाही. दिवाळी आली तरी भाऊजींच्या चपला त्यांच्या पायातच. गावाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला दिसलं. जेवायला बसले की भाकरीकडे बघत राहायचे. बोलायचे नाहीत. माझे मालक, म्हणजे भाऊजींचे दादा, वारल्यापासून घरात मोठी माणसं आम्ही दोघंच. मी फवारणीच्या औषधाचा डबा गोठ्यातून काढला आणि शेजारणीच्या घरी ठेवायला दिला. तिनं कारण विचारलं नाही.

लताला निरोप धाडला. दिवाळीच्या सुट्टीत ती नवरा, त्याची जीप आणि माझी नात पिंकी असं सगळं घेऊनच आली. म्हणाली, आई, काकाला बाहेर काढू. अभयारण्य पाहू, सहस्रकुंड पाहू. मी म्हटलं, काढ.

अभयारण्यात सकाळभर धूळ खाल्ली. वाघ नाही, अस्वल नाही. शेवटी झाडाखाली एक रोही, म्हणजे नीलगाय, दिसला. घोड्याएवढा, निळसर, आमच्याकडे बघत चघळत उभा. जावई हळू आवाजात पिंकीला माहिती सांगत होते. तेवढ्यात मागून भाऊजी बोलले, "याले पाहाले इतक्या दूर आनलं? हा त आपल्या तुरीत रोज येते." कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून अख्खं वाक्य निघालं. आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत.

धबधब्यापाशी जीप थांबली, तसे ते सगळ्यांच्या आधी उतरले आणि कोणाला काही न सांगता चालू लागले. जावई त्यांच्या मागे निघणार, तर पिंकीला गाडी लागली. तिचं तोंड धुण्यात वेळ गेला. माझे गुडघे असे, की लताचा हात धरून मी त्या दगडांतून पोचेपर्यंत चपला तेवढ्या उरल्या होत्या.

लता रडायला लागली. मी तिला गप्प बस म्हटलं. कातळावर खाली बसले असते तर मला उठवायला दोन माणसं लागली असती, म्हणून उभीच राहिले. चपलांकडे बघत होते. त्या जोडीनं ठेवलेल्या नव्हत्या. एक इथं आणि एक चांगली हातभर लांब. हे असं काहून, एवढंच डोक्यात येत होतं. पुढचं सुचत नव्हतं.

"वयनी, कोनी बसलं त नाही ना तिथं?"

मागं वळले. चहाच्या टपरीकडून भाऊजी येत होते. डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची उलटी घेतलेली, आणि तापलेल्या दगडांवर अनवाणी, एक पाय टेकवला की दुसरा उचलत, कोंबडीसारखे.

जावई उठून उभे राहिले आणि कपडे झटकू लागले. लता आणखी जोरात रडू लागली.

"हे काहून रडून राह्यली?" भाऊजींनी मला विचारलं.

"कुठं गेलते तुमी?"

"खुर्ची आनाले. तुमचे गुडघे खाली बसू देत नाही न. तो चहावाला देतच नव्हता. मंग त्याले सांगतलं, म्हातारी लय आजारी हाय, आज हाय उद्या नाही."

मला मारून टाकून त्यांनी खुर्ची मिळवली होती. मला राग यायला हवा होता. नाही आला.

पिनेच्या चपलेपाशी त्यांनी खुर्ची ठेवली, हलवून पाहिली, मला बसवलं. खरंच, तिथून अख्खा धबधबा दिसत होता. दुसऱ्या चपलेपाशी पिंकी बसायला गेली, तर तिला म्हणाले, तिथं नको बाई, इकडं बस.

"ते कोनाची जागा?" मी विचारलं.

"दादाची." ते पाण्याकडे बघत होते. "रांगेत बसलो का दादा तेच सांगे. एक डाव सहस्रकुंड पाहाचं हाय म्हने."

"अन् तुमची?"

"मी उभाच हावो. मले सवय हाय."

मी म्हटलं, "भाऊजी, त्याइले आता जागा लागत नाही. बसा तिथं."

त्यांनी ती चप्पल थोडी बाजूला सरकवली. मग बसले. पाण्याचे तुषार खूप उडत होते. कोणाचं तोंड कशानं ओलं झालं ते मी बघत बसले नाही. लतानं भाकरी आणि ठेचा काढला. भाऊजींनी भाकरी खाल्ली, वर पिंकीची उरलेलीही खाल्ली.

निघताना जावयांनी खुर्ची परत दिली. मी म्हटलं, भाऊजी, चपला घाला.

"राहू द्या," ते म्हणाले. "पुढच्या साली याचं हाय न? जागा धरून राह्यतील."

जीपमध्ये बसून जेवढे गेलो होतो, तेवढे सगळे दिवेलागणीला आमच्या दारात उतरलो. भाऊजी अनवाणी उतरले.