परगावी गेलेला मालक माडीवर

डोकं लागतं, डोकं! आणि आमच्या अख्ख्या गल्लीत ते एकट्या माझ्याकडे आहे, असं मी शनिवारी सकाळी सहा वाजता बायकोला ठणकावून सांगितलं. गुईलान मासा साफ करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हो का?" चौतीस वर्षांच्या संसारात तिचं हे "हो का?" मला कधी मानवलेलं नाही.

प्रसंगच तसा होता. आमची वेनयिंग हफेईला नोकरी करते. तिथे तिने शाओ आडनावाचा एक मुलगा पसंत केला. तो आणि त्याचे आईवडील अकरा वाजता आमच्या गावी येणार होते. आईची ना नव्हती. अडलं होतं ते वडिलांपाशी. "घरची माणसं बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाही," असं त्यांनी साफ सांगितलं होतं. त्यामुळे वेनयिंगने मला फोनवर बजावलं, "बाबा, तुम्ही बाकी काही करू नका. फक्त तिसरे काका त्या वेळी घरात नकोत!"

तिसरे काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वय ब्याऐंशी, आवाज वीस वर्षांचा. रोज सकाळी सातला येतात, चहाचा पेला हातात धरतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत बोलतात. दोन वर्षांपूर्वी वेनयिंगसाठी असंच एक स्थळ आलं होतं. काकांनी त्यांना तिचा गोवर, तिने शाळेत नेलेलं चोरीचं बदक आणि शेजारच्या पोराला बांबूने दिलेला मार, सगळं साग्रसंगीत ऐकवलं. मंडळींनी चहा अर्धा टाकला आणि बसथांबा गाठला. आता एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला "आज येऊ नका" असं कोण सांगणार? माझी तर जीभ रेटेना.

म्हणून युक्ती! आमच्या ह्वेईझौ भागात जुन्या घरांच्या बैठकीत अर्धगोल टेबलांची जोडी असते. मालक घरी असला की दोन्ही जोडून एक गोल टेबल करायचं. मालक परगावी गेला की दोन अर्धी दोन भिंतींना लावायची. ते बघितलं की बाहेरच्या पुरुषाने समजून घ्यायचं आणि उंबरठा ओलांडायचा नाही. पुरुष व्यापाराला जाऊन वर्षानुवर्षं फिरकत नसत, तेव्हाची ही रीत. आता कोण पाळतंय? तरणी पोरं त्या टेबलावर मोबाइल चार्जिंगला लावतात! अख्ख्या गावात ही रीत पाळणारा एकच माणूस उरलाय, तो म्हणजे तिसरे काका.

"टेबल अलग करू," मी म्हणालो. "मी माडीवर बसतो. काका येतील, बघतील, जातील. नऊला टेबल परत जोडून टाकू. कुणाला पत्ता नाही!"

"आणि कुठे गेलास म्हणून विचारलं तर?"

"बाहेर गेलाय म्हण. त्यात काय एवढं!"

सातच्या ठोक्याला काका आले. मी माडीच्या कठड्याच्या कोरीव जाळीतून बघत होतो. तिथून खालचा चौक, बैठक, दरवाजा, सगळं दिसतं. काकांनी एक पाय उचलला, टेबलं बघितली आणि पाय तसाच मागे घेतला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"गुईलान, देमाओ कुठेय?" काकांनी बाहेरूनच विचारलं.

"बाहेर गेलाय."

"कधी येणार?"

"काही बोलला नाही."

काकांचा चेहरा पार उतरला. "असंच झालं होतं," ते म्हणाले. "माझे वडील असेच काही न बोलता गेले. आई म्हणाली, येतील संध्याकाळी. अकरा वर्षांनी आले." आणि डोळे पुसत ते गल्लीत निघून गेले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सव्वासातलाच काम फत्ते झालं होतं, त्यामुळे फार वेळ वाटलं नाही.

साडेसातला शेजारच्या जिन वहिनी अंडी घेऊन आल्या. पाठोपाठ दोघीतिघी बांबूचे कोंब घेऊन. आठपर्यंत बैठकीत नऊ बायका! रीत पुरुषांना अडवते, बायकांना नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"लपवू नकोस गुईलान," जिन वहिनी म्हणाल्या. "काकांनी सगळं सांगितलंय. गेला ना टाकून?"

"अहो, नाही हो वहिनी..."

"रड, रड. मन मोकळं कर!"

आता गुईलानने खरं सांगून टाकावं की नाही? पण नाही! तिला कुणीतरी गरम चहा दिला, कुणी पाठीवरून हात फिरवला, दोघींनी तिच्या हातातला मासा काढून घेतला आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. एवढं कौतुक तिच्या वाट्याला कधी आलं नसावं. ती आरामात टेकून बसली आणि म्हणाली, "तसा स्वभाव वाईट नाही हो. पण घोरणं! आणि स्वतःच्या हुशारीवर विश्वास!" मग जे सुरू झालं, ते चौतीस वर्षांचं सगळं क्रमाने निघालं. मी वर पालथा पडून ऐकत होतो. दोन-तीन ठिकाणी तर मला उठून खुलासा करावासा वाटला.

नऊ वाजले, दहा वाजले. खाली यायला एकच जिना, तो बैठकीत उतरणारा. माझा मोबाइल खाली टेबलावर वाजून वाजून गप्प झाला. पोटात कावळे कोकलत होते. त्यात काका परत आले! हातात स्टूल. "देमाओ येईपर्यंत मी इथून हलणार नाही," म्हणाले आणि बरोबर उंबरठ्याबाहेर बसले.

अकराला गल्लीत वेनयिंगचा आवाज आला. मागे मुलगा, त्याची आई आणि वडील. काका उठून आडवे उभे राहिले.

"बायकांनी आत जावं. पुरुषांना जाता येणार नाही. घरचा मालक घरात नाही!"

"काका, बाबा घरीच आहेत!"

"पोरी, तुला धक्का बसू नये म्हणून आईने कळवलं नाही." काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "धीर धर. माझे वडील अकरा वर्षांनी आले."

शाओंच्या बाई गोंधळून आत आल्या. बापलेक बाहेरच राहिले. काकांनी थोरल्या शाओंना आपलं स्टूल दिलं आणि बोलायला सुरुवात केली. "गोवर" हा शब्द मला वरपर्यंत ऐकू आला. संपलं! मी कपाळ जाळीवर टेकवलं. पोरीचं लग्न माझ्याच हातांनी मोडलं होतं.

तेवढ्यात आमची जुनी गल्ली बघायला पर्यटकांची टोळी आली. झेंडीवाल्या गाइड मुलीने दारातूनच टेबलं बघितली आणि तिला आनंदाचं भरतं आलं. "बघा, बघा! नेहमी आपण नुसतं ऐकतो. इथे खरोखर मालक निघून गेलाय!" काकांनी तिच्या टोळीतलेही पुरुष अडवले. पंधरा बायका आत शिरल्या आणि गुईलानचे फोटो काढू लागल्या. एकीने मोबाइल वर केला.

"अय्या, कोरीव काम बघा! या म्हाताऱ्याचे डोळे किती जिवंत वाटतात!"

मी श्वास रोखला.

"आणि... आणि ते मिटले!"

अशी किंकाळी फोडली तिने! जिन वहिनी ओरडल्या, "माडीवर पुरुष आहे!" दारातून काका गरजले, "मालक परगावी आणि माडीवर पुरुष? गुईलान!" शाओंच्या बाईंच्या हातातला पेला फुटला. वेनयिंगने डोळ्यांवर हात घेतला. आता माझ्यापाठोपाठ बायकोचीही अब्रू जाणार होती. मी उठलो आणि धुळीने माखलेला, हात वर करून, जिना उतरलो.

"मीच आहे," मी म्हणालो. "मालकच आहे."

काका उंबरठ्याबाहेरून माझ्याकडे बघत राहिले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, तासभर दारात बसलेला. माझ्याच्याने खोटं बोलवेना.

"काका, आज तुम्ही येऊ नये म्हणून मी टेबल अलग केलं. चुकलो."

"एवढंच?" काका म्हणाले. " अरे, तोंडाने सांगायचं की! मी उद्या आलो असतो." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मला वाटलं, तू पण गेलास." माझंही मन भरून आलं. मी आणि त्या गाइड मुलीने मिळून टेबलं जोडली. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. काका उंबरठा ओलांडून आत आले आणि मानाच्या खुर्चीवर बसले. त्यांच्या पाठोपाठ थोरले शाओ आले आणि न विचारता त्यांच्या शेजारी बसले.

बायकांनी रांधलेलं जेवण आलं. मासा फक्कड जमला होता. थोरल्या शाओंनी चवीने दोन वाट्या भात संपवला, चहा घेतला आणि घसा साफ केला.

"माझं ठरलं," ते म्हणाले. "मुलगी आम्हाला पसंत आहे."

मी खाली मान घालून बसलो होतो, तो एकदम ताठ झालो. "वाटलंच मला! आमचं घर म्हणजे तसं..."

"घर अजून बघायचंच आहे. मला माणसं बघायची होती, ती दारात भेटली. ज्या मुलीच्या पाठीशी काकांसारखा माणूस आहे, ती आमच्याकडे आली तर आमचं नशीब." मग त्यांनी मला डोक्यावरच्या जळमटापासून पायातल्या एकाच चपलेपर्यंत नीट न्याहाळलं. "तुम्हाला जिना उतरताना बघितलं तेव्हा जरा धास्ती वाटली होती, खोटं कशाला बोलू? पण काकांनी माझ्या हातावर हात ठेवून खात्री दिली, मुलगी सगळी आईवर गेलीय."