दादाचा नंबर

धावणं ही काही कठीण गोष्ट नाही, हे मी छातीठोकपणे सांगत असे! एक पाय पुढे टाकायचा, मग दुसरा. पडायच्या आत पुन्हा पहिला. बस्स! डिचोलीच्या बाजारात माझं छत्र्या आणि बॅगांचं दुकान आहे. दिवसभर स्टुलावर बसून असतो. पण बसलेल्या माणसाची ताकद आत साठत जाते, बँकेतल्या ठेवीसारखी, असा माझा सिद्धांत होता. धावणाऱ्यांची ती रोज खर्च होते!

माझा थोरला भाऊ दत्तप्रसाद रोज खर्च करायचा. पहाटे कारापूरहून साखळीकडे धावत सुटायचा आणि येताना उंडे, म्हणजे गोल पाव, विकणाऱ्या पोदेराच्या सायकलशी शर्यत लावायचा. हरला की त्याच्याकडून उंडे घ्यायचा, जिंकला तरी घ्यायचा.

गेल्या पावसात तो शेतात उतरला आणि तापाने पडला. डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, औषधं दिली, पण चतुर्थी यायच्या आत दादा गेला.

आमचं घर एकच, व्हरांडा एकच, दारं दोन. त्यातलं दादाचं दार तेव्हापासून लोटलेलंच असायचं. आत आनंदीवहिनी बसून असायची. हाक मारली तर 'हं' म्हणायची, कधी तेही नाही. माझी बायको सुमंगला रोज वाटीतून काहीतरी घेऊन जायची आणि रात्री वाटी तशीच परत आणायची. दादाचं नाव घरात कोणी घेत नव्हतं. वहिनीला त्रास नको म्हणून आम्ही घेत नव्हतो, आणि वहिनी का घेत नव्हती ते विचारायची आमची हिंमत नव्हती.

अशात एके दिवशी दादाबरोबर धावणाऱ्या मंडळींपैकी अक्षय दुकानात आला. पेडण्याच्या अर्ध्या मॅरेथॉनसाठी दादाने मे महिन्यातच नाव घातलं होतं. छातीवर लावायचा नंबर आला होता. मोठ्या अक्षरांत छापलेलं 'दत्तप्रसाद', खाली बारीक 'कारापूर'.

"टाकून द्यायला हात होईना," अक्षय म्हणाला. "हे आता कोणाला देऊ?"

"मला दे!" मी म्हणालो. "मी धावतो."

अक्षयने माझ्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. आणि नंबर माझ्या हातात ठेवला. दुसऱ्याच्या नंबरवर धावायचं नसतं, हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. पण माझ्यासारख्या रडायला आलेल्या माणसाला नियम सांगायचे कसे!

मी गुपचूप तयारीला लागलो. तयारी म्हणजे बूट घेतले. शर्यत उद्यावर आली तेव्हा लक्षात आलं, की एवढं अंतर आपण आयुष्यात कधी कापलेलंच नाही. परीक्षेच्या आधी मुलं सराव पेपर सोडवतात की नाही? तसा मीही सोडवला! शर्यतीच्या आदल्या दिवशी घरून निघालो आणि वाळपईच्या बाजारापर्यंत धावत गेलो. धावत म्हणजे, सुरुवातीला धावत. परत बसने आलो. उतरताना कंडक्टरने माझे पाय एकेक करून खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत "म्हापशाला बॅगा आणायला जातोय" असं सुमंगलेला सांगून मी अक्षयच्या गाडीत बसलो. माझ्या पोटऱ्या जात्याच्या दगडासारख्या झाल्या होत्या. शिट्टी झाली. सगळे हरणासारखे गेले. मी कपाट सरकवावं तसा सरकलो.

आणि मग ते सुरू झालं, ज्याचा मी विचारच केला नव्हता.

"दत्तप्रसाद! शाबास!" रस्त्याकडेच्या एका घरातून कोणीतरी ओरडलं. मी दचकून मागे पाहिलं! मागे कोणी नव्हतं. मागे कोणी असणं शक्यच नव्हतं, मी शेवटचा होतो.

"चल रे दत्तप्रसाद, थांबू नकोस!"

"दत्तप्रसादबाब, पाणी घ्या!"

पार्शाच्या रस्त्यावर जो तो माझी छाती वाचून हाका मारत होता. इतके महिने जे नाव आमच्या घरात गिळून टाकलं होतं, ते अनोळखी माणसं टाळ्या वाजवून घेत होती. तुळशीला पाणी घालणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने तर तांब्या उंचावला. "दत्तप्रसाद, बरा धावतोस रे पुता!"

मला रडू कोसळलं. लोकांना वाटलं, पाय दुखतात! एकाने मोसंबीची फोड तोंडात कोंबली, दुसऱ्याने मीठ. मी हुंदके देत, मोसंबी चावत, दादाच्या नावाने पळत होतो. पायही दुखत होतेच म्हणा.

परतीच्या वाटेवर उजव्या पोटरीत गोळा आला. मी डाव्या पायावर भार टाकला. तर डाव्यातही आला! कडेला बसलेल्या म्हशीच्या पुढ्यात मी आडवा झालो. तिने उठून जागा करून दिली.

गौरवी नावाची एक स्वयंसेवक मुलगी बर्फ घेऊन पळत आली. मोठी तत्पर पोरगी! तिने माझा नंबर उलटा करून पाहिला. त्याच्या मागे, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, ते दादाने लिहून दिलेलं छापलं होतं. आनंदी. पत्नी.

"नको! नको!" मी ओरडलो.

"घाबरू नका काका, बर्फच आहे," असं म्हणत तिने फोन लावलासुद्धा. "हॅलो, आनंदीमॅडम? मी पेडण्याहून बोलते. तुमचे मिस्टर दत्तप्रसाद रस्त्यात पडलेत. पण काळजी करू नका हां, शुद्धीवर आहेत!"

 पलीकडून वहिनी बोलली. फोन स्पीकरवर होता. कित्येक महिन्यांत मी तिचं पहिलं सबंध वाक्य ऐकलं.

"बाय, ते गेले. पावसातच गेले."

"नाही हो मॅडम, गेले नाहीत! इथेच आहेत! मोसंबी खातायत!"

मी फोन हिसकावायला उठलो, पुन्हा गोळा आला आणि मी बैलासारखा डुरकलो. पलीकडे वहिनी म्हणाली, "हा आवाज त्यांचा नव्हे." आणि फोन बंद झाला.

तासाभराने सुमंगलेची स्कूटर आली. मागे वहिनी. घरातल्या साडीत, केस न विंचरता, पायांत दोन वेगळ्या चपला. इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदाच उंबरा ओलांडला होता.

"म्हापसा इथे आलं काय?" सुमंगला गरजली. "बॅगा कुठे आहेत?"

मी मान खाली घातली. वहिनी समोर येऊन उभी राहिली. माझ्या छातीवरचं नाव तिने दोनदा वाचलं. 

"भाऊजी, ती पोरगी म्हणाली, शुद्धीवर आहेत. मला ठाऊक होतं. जाळून आलो ना आपण! तरी मी स्कूटरवर बसले. वाटभर म्हणत होते, कोणास ठाऊक, चूक झाली असेल, दुसऱ्याच कोणाला नेलं असेल…"

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. "वहिनी, चुकलं माझं. त्याचं नाव घातलेलं होतं, ते फुकट जाऊ नये म्हणून…"

"ते कधी पडले नव्हते," ती एकदम चिडून म्हणाली. "इतकी वर्षं धावले, एकदा पडले नाहीत. आणि तुम्ही त्यांच्या नावावर म्हशीसमोर पडता?"

सुमंगलेला हसू फुटलं. ते आवरता आवरता तीच रडू लागली. गौरवी बर्फाची पिशवी हातात घेऊन आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

वहिनीने पदराने डोळे पुसले. "किती उरलंय?"

"पेडण्याच्या बाजाराच्या थोडं अलीकडेपर्यंत," मी म्हणालो.

"उठा मग."

एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला वहिनी, अशी आमची शर्यत पुढे निघाली. लहान मुलं आमच्या पुढून जाऊन, दुकानातून दूध घेऊन परत आली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेवटच्या रेषेवरच्या फुग्याच्या कमानीतली हवा काढून ती रस्त्यावर पसरली होती. आम्ही तिच्यावरून चालत गेलो. मंडपवाला वायरी गुंडाळत होता. नावं पुकारणारा माणूस भजीपाव खात होता.

वहिनी त्याच्यासमोर गेली. "यांचं नाव घ्या."

"मायक बंद केला, बाई."

"तोंडाने घ्या."

त्याने घास गिळला, तिच्याकडे पाहिलं, हात पुसले आणि सरळ उभा राहून मोठ्याने म्हणाला, "दत्तप्रसाद! कारापूर!"

वायरी गुंडाळणाऱ्याने टाळ्या वाजवल्या. वहिनी तिथेच, त्या चपट्या कमानीवर, खाली बसली आणि मोठ्याने रडली. दादा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

त्यानंतरची माझी अवस्था काय सांगू! व्हरांड्याच्या पायऱ्या मी उलटा उतरायचो. संडासात बसून उठता यावं म्हणून सुमंगलेने कडीला दोर बांधून दिला. शिंक आली तरी मांड्या ओरडायच्या.

पण दुसऱ्याच दिवशी शेजारचं दार उघडलं. वहिनी पेज आणि मिठातली कैरी घेऊन आली आणि खाटेच्या कडेला बसली. "ते पहिल्यांदा धावायला गेले, तेव्हा कुत्री मागे लागली होती," ती म्हणाली. "गावातल्या सगुणच्या गोठ्यात लपले. शेण माखून घरी आले आणि मला सांगतात, चिखल आहे!" ती हसली. मग रडली. मग पेज निवते म्हणून मला ओरडली.

रोज पेज, रोज एक दादा. मला ठाऊक नसलेला दादा! मीही माझ्याजवळचे सांगितले. हळूहळू पाय बरे झाले. पण बरा झालो तर ती कशाला येईल, आणि उघडलेलं दार पुन्हा लोटलं गेलं तर? म्हणून ती आली की मी उठून दोन पावलं लंगडायचो आणि "अगं आई गं!" म्हणायचो. फार हुबेहूब जमायचं!

परवा तिने पेजेचा वाडगा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"भाऊजी, काल डावा पाय होता."

मी जागच्या जागी थिजलो. उजवा पाय हवेतच!

"असू दे," ती म्हणाली, "बसा. गार होतेय."