अर्ध्या इंचाचा वॉशर

दोन हजार सतरा साली लहानथोर सगळ्यांच्या हातात फोन आले होते, आणि फोनवर धड बोलणारं मात्र कुणी उरलं नव्हतं. निदान ऑपरेटरबाईंचं तरी तसं ठाम मत होतं. त्यांनी सगळी नोकरी ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी आणि तोंडात एकच वाक्य, "थांबा, जोडून देते." त्या काळी माणसं फोनवर ओरडून बोलत, पण बोलत. शब्दाला वजन होतं. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी गल्लीत त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत, कारण आवाज अजून तसाच होता. खणखणीत, आणि समोरच्याला नाही म्हणायची सोय न ठेवणारा.

त्या आवाजाला दाद देत नव्हता असा सबंध गावात एकच माणूस होता. प्लंबर.

गच्चीवरची पाण्याची टाकी गळत होती. सकाळी भरावी तर दुपारी ठणठणीत. ऑपरेटरबाई रोज फोन करत, प्लंबर रोज "उद्या येतो" म्हणत असे, आणि तो उद्या काही उजाडत नव्हता. घरभर बादल्या मांडलेल्या. येणाराजाणारा त्यांना ठेचकाळत असे.

घरात सासू-सून दोघीच. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा यायचा. सून व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या कंपनीत गोष्टी लिहायची.

"खेळाला गोष्ट कशाला लागते गं?" ऑपरेटरबाईंनी सुरुवातीला विचारलं होतं. "आम्ही लगोरी खेळायचो. लगोरीला कुठे गोष्ट होती?"

"आई, आमच्या साहेबांचंही हेच म्हणणं आहे," सून म्हणाली. ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

साहेबांनी तिला सांगून ठेवलं होतं, की लोकांना गोळ्या झाडायला लागतात, गोष्टी लागत नाहीत. खेळाच्या नव्या भागात सुनेने एक नवं पात्र आणलं होतं. त्या पात्रापाशी खेळणारे थांबले तर ठीक, नाहीतर गोष्टींचा विभाग बंद आणि सून घरी.

ते पात्र म्हणजे विहिरीवरची माउली. फार जुन्या काळातली ही साध्वी. दुष्काळी मुलखात एका विहिरीच्या काठाला बसून राहिली, तहानलेला येईल त्याला पाणी पाजलं, मित्र की शत्रू विचारलं नाही. "शेवटचा तहानलेला येईपर्यंत मी पिणार नाही," असं तिचं व्रत होतं. ऑपरेटरबाईंच्या आईने दिलेली तिची तसबीर स्वयंपाकघरात होती. सुनेने तीच माउली उचलून दूरच्या भविष्यात एका कोरड्या चंद्रावर नेऊन बसवली. पृथ्वीवरचं पाणी संपलेलं, माणसं ताऱ्यांमध्ये विखुरलेली, आणि माउली अजून वाट बघते आहे. शरीर थकलं म्हणून अर्धी यंत्राची झालेली.

सुनेने चित्र दाखवलं तेव्हा ऑपरेटरबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"माझ्या माउलीला नळ्या लावल्यात?"

"आई, हजारो वर्षं जगायचं म्हणजे..."

"आणि डोळ्यांत हे दिवे कसले?"

"करुणेचं तेज आहे ते."

"मला तर रिक्षा समोरून आल्यासारखं वाटतंय," ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्या रात्री जेवताना मात्र त्या तसबिरीकडे बघून हळूच पुटपुटल्या, "पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. सांभाळून घे."

माउलीच्या आवाजासाठी ठरवलेली नटी आयत्या वेळी नाटकाच्या दौऱ्यावर निघून गेली. दुसरी शोधायला वेळ नव्हता. सुनेच्या कानावर तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "अहो, मी कालही फोन केला होता!" आणि तिचा चेहरा उजळला.

रेकॉर्डिंगवाला घरी आला. दाढीवाला, मितभाषी, चहाचा षौकीन. घरात शांत जागा एकच होती, ती म्हणजे कपड्यांचं मोठं कपाट. त्याने कोट आणि रजया बाजूला सारून आत स्टूल ठेवलं, माइक टांगला आणि ऑपरेटरबाईंना बसवलं. वाक्यं साहेबांनी स्वतः लिहिली होती, कारण देवादिकांचं बोलणं भारदस्त हवं, असा त्यांचा आग्रह होता. ऑपरेटरबाईंनी ती मनापासून म्हटली. "हे तृषार्त जीवा, अंतराळाच्या या अनंत मरुभूमीत तुझे स्वागत असो." म्हणता म्हणता त्यांचीच जीभ कोरडी पडली.

"मावशी, छान. जरा दम खा," रेकॉर्डिंगवाला म्हणाला, आणि चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेला. माइक चालूच होता. आणि नेमका त्याच वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, प्लंबरने पत्ता विचारायला आपणहून फोन केला.

ऑपरेटरबाई कपाटातूनच बोलल्या. भरपूर बोलल्या.

रेकॉर्डिंगवाल्याने ते सगळं गोळा करून नेलं आणि ऐकलं. पुस्तकी वाक्यं त्याला सरावाची वाटली. नंतरची मात्र अशी काही पोटतिडकीने आली होती की हीच खरी, याविषयी त्याला शंका राहिली नाही. पाणी, तहान, वाट बघणं, सगळं त्यात होतंच. सून त्या आठवड्यात तापाने फणफणली होती. साहेबांनी न ऐकताच "अप्रतिम" असं कळवलं, कारण वाक्यं त्यांची होती.

खेळ बाजारात आला त्या संध्याकाळी सून ऑफिसमधून आली ती चपला न काढताच लॅपटॉप उघडून बसली.

"आई, हे काय आहे?"

पडद्यावर कोरडा चंद्र. लांबच लांब राख. मधोमध विहिरीच्या काठावर नळ्या लावलेली माउली. तिने डोळे उघडले, दिवे लागले, आणि ती करुणेने म्हणाली, "अहो दादा, येतो म्हणालात आणि आला नाहीत. घरात थेंब नाही हो. मी किती वाट बघायची?"

"अगंबाई! हे तर मी बोलले!"

"ते कळतंय, आई!"

"पण हे मी त्या प्लंबरला बोलले!"

माउली थांबायला तयार नव्हती. "निळं फाटक. उजवीकडचा जिना. कुत्रा भुंकतो, पण चावत नाही. आणि बूट बाहेर काढा, फरशी ओली आहे." मग जरा दम घेऊन, अखेरचा उपदेश केल्यासारखी म्हणाली, "येताना वॉशर आणा. अर्ध्या इंचाचा."

सुनेने डोकं धरलं. "संपलं. उद्या साहेब मला हाकलणार."

"मी बोलते त्यांच्याशी. जोडून दे."

"नको!" सून किंचाळली.

पण साहेबांचाच फोन आला, आणि आनंदाने त्यांचा आवाज फाटला होता. "मॅडम, काय केलंत हे! लोक कोरड्या चंद्रावरून हलायला तयार नाहीत! माझ्या वाक्यांवर थोडा हात फिरवलेला दिसतोय तुम्ही, पण हरकत नाही." त्यांनी अजूनही ते नीट ऐकलेलं नव्हतं. आकडे तेवढे बघितले होते.

पुढचे काही दिवस सून रोज इंटरनेटवरचं वाचून दाखवायची आणि ऑपरेटरबाई भाजी निवडता निवडता ऐकायच्या. माउलीपाशी जायच्या आधी सगळे खेळाडू बूट काढायला लागले होते. चंद्राची जमीन तापलेली, त्यामुळे बूट काढले की खेळात पाय भाजून माणूस मरायचा. मरत होते, पुन्हा येत होते, पुन्हा बूट काढत होते. निळं फाटक शोधायला माणसं आकाशगंगेच्या टोकापर्यंत जाऊन आली. न चावणारा कुत्रा म्हणजे माणसाची भीती, असं एकाने लिहिलं. आणि वॉशर म्हणजे धुणारा, अर्थात पापं धुणारा. ज्याची माउली वाट बघते आहे, तो तारणहार.

"अर्ध्या इंचाचा तारणहार?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

"त्याचा अर्थ नम्रता, म्हणतात."

ऑपरेटरबाई तसबिरीकडे बघून म्हणाल्या, "बघ बाई, काय काय तुझ्या तोंडी घातलंय." पण एवढ्या पोरांना माउली ठाऊक झाली, याचं त्यांना आतून बरंही वाटत होतं.

मग साहेबांनी फर्मान काढलं. पुढच्या भागात तो आलाच पाहिजे. तो कोण, कुठून येतो, येऊन काय करतो, हे सुनेने सोमवारपर्यंत सांगायचं. सांगितलं तर विभाग तिच्या हाती. नाहीतर दुसरा लेखक बघून ठेवला होता.

रविवारी सकाळी साहेब स्वतःच घरी आले. उंच, घाईतले, पहिल्याच बादलीला ठेचकाळलेले. खुर्चीवर बसून ओला पायमोजा पिळत म्हणाले, "बोला. मला तो पाहिजे."

"आम्हालाही तो केव्हापासून पाहिजे आहे," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

सुनेने लिहून खोडलेले कागद पुढे सरकवले. एकात तो राजपुत्र होता, एकात यंत्रमानव, एकात माउलीचाच हरवलेला मुलगा. साहेबांनी प्रत्येकावर नाक मुरडलं. "यात दम नाही, मॅडम. मला वाटतं आपण आता..."

तेवढ्यात खाली कुत्रा भुंकायला लागला. उजवीकडच्या जिन्यावर पावलं वाजली. दारात एक माणूस उभा राहिला. अनवाणी. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात बूट.

"मावशी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी आलो."

त्याने बूट उंबऱ्यापाशी ठेवले. मग खिशातून एक काळी रबरी चकती काढून तळहातावर धरली. "अर्ध्या इंचाचा."

"मेल्या, आता आलास होय?" ऑपरेटरबाई म्हणाल्या, आणि प्लंबरच्या अंगावर सरसरून काटा आला.

"तोच आवाज!" तो दारातच बसला. "मावशी, रागावू नका. आधी मी त्या खेळातच गुंतलो होतो. तुमचा फोन यायचा तेव्हा हो हो म्हणायचो, कानात काही शिरायचं नाही. मग माउली आली. म्हटलं, बिचारी किती कळवळून सांगतेय, कोण हा नालायक, जो येतच नाही? तर त्याला शोधत बसलो. कामंधामं सोडून!"

"अरे, तो नालायक तूच!"

"ते काल कळलं. सगळे म्हणतात वॉशर म्हणजे पापं धुणारा. म्हटलं, अरे गाढवांनो, वॉशर म्हणजे वॉशर! आणि मग एकदम आठवलं, निळं फाटक, भुंकणारा कुत्रा... हे तर मला कुणीतरी फोनवर सांगितलंय."

साहेब सावकाश उठले. एका हातात पिळलेला मोजा तसाच. "म्हणजे माझी वाक्यं..."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब, तुमची वाक्यं मी अगदी मनापासून म्हटली होती," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "ऐकायची आहेत का? हे तृषार्त जीवा..."

"नको, नको," साहेब घाईघाईने म्हणाले आणि खाली बसले.

प्लंबर गच्चीवर गेला. वरून ठोकाठोक ऐकू आली. खाली तिघंही छताकडे बघत बसले होते. थोड्या वेळाने तो खाली आला, हात पुसत, मान हलवत.

"मावशी, वॉशरचा काही दोष नाही. आतला व्हॉल्व्हच गेलाय. तो माझ्याकडे नाही." त्याने बूट उचलले. "उद्या येतो."

आणि गेला. कुत्रा भुंकला, चावला नाही.

ऑपरेटरबाईंनी कपाळाला हात लावला. पण सून हळूहळू हसायला लागली. आधी गालात, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "साहेब, मिळाला! तो येतो. सगळ्या आकाशगंगेतून अनवाणी येतो. विहिरीत वाकून बघतो, आणि उद्या येतो म्हणून निघून जातो!"

"आणि माउली?"

"माउली वाट बघते. तिचं कामच ते आहे."

साहेबांनी ओला मोजा पुन्हा पायात चढवला. मग म्हणाले, "म्हणजे तिसरा भाग करावा लागेल."

"आणि चौथा," सून म्हणाली.

पुढे ती गोष्टींच्या विभागाची प्रमुख झाली, आणि तो विभाग बंद करायचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. साहेबांनी आपल्या भारदस्त वाक्यांचं एक पुस्तक स्वखर्चाने छापलं. त्याची एक प्रत ऑपरेटरबाईंच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली बरोबर बसली. रेकॉर्डिंगवाला मोठ्या स्टुडिओत गेला, पण कोणतंही वाक्य सरावाचं की खरं, हे आधी विचारून घेतो. मुलगा बोटीवरून सुट्टीला आला तेव्हा घरात शिरताना सगळे बूट काढतात आणि बादल्यांना वळसा घालतात, हे बघून तोही निमूट तसंच करू लागला. तसबीर जागेवरच आहे. तिच्याशेजारी नळ्यावाल्या माउलीचं चित्रही आलं, आणि ते ऑपरेटरबाईंनी स्वतःच्या हाताने लावलं.

प्लंबरला खेळाडूंमध्ये मोठा मान मिळाला. भाषणांना बोलावतात त्याला. आता तो कुणाच्याच घरी जात नाही.

ऑपरेटरबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. टाकी अजून गळते. मध्यंतरी न राहवून त्यांनी प्लंबरला पुन्हा फोन लावला. त्याने उचलला नाही. त्याने फोनवर माउलीच्याच वाक्यांची कॉलर ट्यून लावून ठेवली होती, आणि पलीकडून एक खणखणीत, संतापलेला आवाज आला, "अहो दादा, येतो म्हणालात आणि आला नाहीत. घरात थेंब नाही हो. मी किती वाट बघायची?"

इतक्या वर्षांत कुणी त्यांना इतक्या जोरात झापलं नव्हतं. "चुकलं हो," असं ऑपरेटरबाई पटकन बोलून गेल्या, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.