नळाच्या पाण्याबाबत तक्रार नाही

पेडगावच्या पुढे आमचे जांभळी गाव आहे. १९८६ साली तिथल्या नळयोजनेला बारा वर्षे पूर्ण झाली, आणि या बारा वर्षांत तिच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती. पहिली तक्रार कडूबाईने केली. ती तोटीला फडके बांधून पाणी भरायची. एके सकाळी फडक्यावर करडा, पिंजलेल्या कापसासारखा थर दिसला. ते घेऊन ती विज्ञान शिकवणाऱ्या विष्णुपंत गुरुजींकडे गेली.

"गुरुजी, ह्ये काय हाय? नातवंडं ह्येच पाणी पितेत."

गुरुजींनी भिंग लावून पाहिले. "आपला पाइप अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा आहे, बाई. आतून झिजून त्याचे तंतू सुटत असावेत. त्याची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसं खराब होतात, हे नक्की. पाण्यातून पोटात गेली तर काय होतं, यावर डॉक्टरांचं एकमत नाही."

"मंग एकमत व्हईस्तोवर पीतच ऱ्हायचं का?"

गुरुजींनी अर्ज लिहिला. सात महिन्यांनी कार्यालयाचे उत्तर आले: 'आपण कळविलेला धोका संभाव्य स्वरूपाचा असून संभाव्य धोक्याकरिता तरतूद नाही. धोका सिद्ध होताच बाधितांनी समक्ष हजर राहावे.'

दुसऱ्या अर्जानंतर मात्र कनिष्ठ अभियंता गोविंदराव जीपमधून आले. पाण्याचा नमुना त्यांनी नाकारला. "आमच्या फॉर्मात तंतूंचा रकानाच नाही. पाइपचा तुकडा नेतो."

पाणी सोडणारा रंगनाथ खड्ड्यात उतरून कोरडा पाइप करवतीने कापू लागला. पांढरी धूळ उडाली. पाहायला सगळे गाव जमले होते.

"अहो, निदान पाणी तरी मारा त्यावर!" गुरुजी ओरडले.

"नमुना भिजेल," गोविंदराव म्हणाले.

पाण्याचा पाइप भिजू नये म्हणून गाव तासभर ती धूळ हुंगत उभे राहिले. एकट्या कडूबाईने पदर नाकाला लावला आणि नातवंडांना ओढत घरी नेले. लोक हसले.

तुकडा गेला, नळ बंद पडला. तीन आठवडे बाया मैलभरावरच्या विहिरीवरून घागरी आणत होत्या आणि वाटेत कडूबाईचा उद्धार करत होत्या. शेवटी गोविंदरावांनी निरोप धाडला: गावाची तक्रार नसल्याचा ठराव द्या, लगेच तसलाच पाइप जोडतो. सरपंच माणिकरावांनी सह्या घेतल्या. अक्षर चांगले म्हणून ठराव गुरुजींनीच लिहिला.

अंगठा घ्यायला तेच कडूबाईच्या दारात आले.

"गुरुजी, तुमीच सांगितलं हुतं की."

"तीन आठवडे झाले, बाई," गुरुजी खाली बघत म्हणाले. "घागरी वाहून बायकोची कंबर धरली आहे."

कडूबाईने अंगठा दिला नाही. 'एक महिला वगळता पाणी सर्वांस मान्य' असा अहवाल गेला, आणि नळ सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडूबाई विहिरीवर गेली, तर गुरुजी घागर भरून निघाले होते. त्यांनी मान वळवली. मागून माणिकरावांचा गडी दोन कळशा घेऊन आला. "मालक म्हनले, कुनाला सांगू नगंस." आठवडाभरात तिथे रांग लागली.

तेव्हापासून आमच्या गावात प्यायला विहिरीचे पाणी वापरतात. नळाचे पाणी फक्त पाहुण्यांना देतो. थंडगार असते. तुम्ही कधी येता?