चव्वेचाळीस रकान्यांचा जिल्हा

शहर सोडून ग्रामीण जिल्ह्यात राहायला जाणे हा अत्यंत गंभीर निर्णय असून, तो भावनेच्या भरात घेतल्यास माणूस खरोखरच राहायला जाण्याचा धोका संभवतो. म्हणून सुज्ञ मनुष्य आधी त्या जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचा आणि घरबाजाराचा अभ्यास करतो. (प्रस्तुत लेखकाचा अभ्यास तेरा वर्षे चालू असून प्रगती समाधानकारक आहे.)

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक हे असेच सुज्ञ गृहस्थ होते. सहकारी त्यांना पाठीमागे ‘अर्धा ग्रॅम’ म्हणत आणि त्यांना तो बहुमान वाटे. ते बायकोसह चौथ्या मजल्यावर राहत. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि बायकोचे गुडघे कामातून गेले होते. ती आठवड्यातून एकदा दवाखान्यासाठी खाली उतरे आणि वर येताना प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्यांच्या चपलांच्या रॅकवर हात टेकून थांबे. तिचं मागणं एकच होतं: दार उघडलं की पायाला जमीन लागेल अशा घरात उरलेले दिवस काढायचे. निरीक्षकांना ते शंभर टक्के मान्य होतं. त्यांनी त्याच दिवशी वही आणली.

वहीत त्रेचाळीस रकाने आखले गेले. तिसऱ्यात हमरस्त्यावरची उघडी दुकानं. अकराव्यात सलूनमध्ये थांबलेली गिऱ्हाइकं, कारण हात आखडता घ्यायची वेळ आली की माणूस आधी केस वाढू देतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. (टक्कल असलेल्यांसाठी वेगळी दुरुस्ती धरली होती. निरीक्षक स्वतः त्या दुरुस्तीत मोडत.) एकोणिसाव्यात दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांतलं नव्या कपड्यांचं प्रमाण. हे मोजताना एका बाईने त्यांच्या अंगावर बादली रिकामी केली, तेव्हा त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि ‘पाणीपुरवठा’ या रकान्यात ‘मुबलक’ असं लिहिलं.

दोन वर्षं दर रविवारी सातच्या बसने ते त्या जिल्ह्यात जात. चौकामागचं निवृत्त नर्सबाईंचं एका पायरीचं घर त्यांना पहिल्याच फेरीत आवडलं होतं आणि म्हणूनच त्यांचा त्याच्यावर विश्वास बसेना. पण आकडे जोरात होते. रविवारच्या बसचे प्रवासी दुप्पट झाले होते. लॉजमध्ये शनिवारची खोली मिळत नव्हती. स्टेशनरीवाला तर मोजपट्ट्या खोक्याने मागवू लागला होता. जिल्हा भरभराटीला आला आहे, आता उशीर नको, असा निष्कर्ष त्यांनी लाल शाईने लिहिला आणि त्या रविवारी बायकोला पहिल्यांदाच बरोबर नेलं. तिने आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवली होती.

सही करण्यापूर्वी त्यांनी वही दलालाला दाखवली. दलालाने पानं उलटली आणि कान खाजवला.

“साहेब, ही सगळी तुमच्यासारखीच माणसं आहेत.”

“म्हणजे?”

“अभ्यासाला येतात. घर मोजतात, चहा पितात, साडेपाचच्या बसने परत जातात. सात वर्षांत मी एक घर विकलेलं नाही. पण दाखवण्यावर बरं चाललंय, खोटं कशाला बोलू!”

निरीक्षकांनी चौकात उभं राहून खातरजमा केली. बाहेरगावची माणसं सेहेचाळीस. पैकी वही असलेली एकेचाळीस. उरलेली पाच वही घरी विसरली होती आणि स्टेशनरीच्या दुकानात नवी घेत होती. एक गृहस्थ सलूनकडे पाहून आकडा टिपत होता. त्याने निरीक्षकांच्या डोक्याकडे बघितलं आणि काहीतरी दुरुस्त केलं. दोन वर्षं आपण आपल्यालाच मोजत होतो हे लक्षात येऊन निरीक्षकांना मनापासून लाज वाटली. पण शिस्तीच्या माणसाला लाज फार वेळ परवडत नाही. त्यांनी चव्वेचाळिसावा रकाना आखला.

बायको नर्सबाईंच्या पायरीवर चपला काढून, मातीत पाय टेकून बसली होती. निरीक्षक तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी परिस्थिती समजावून सांगितली.

“आपण घर घेतलं की आपल्या फेऱ्या बंद. आपलं बघून बाकीचे घेणार, त्यांच्याही बंद. मग लॉज ओस, चहा बंद, बाजार बसला. किमती धाडकन खाली. म्हणजे घर घ्यायची योग्य वेळ कुठली? सगळ्यांनी घेतल्यानंतरची!”

“आणि सगळे कधी घेणार?”

“तेही हाच विचार करत असतील. शहाणी माणसं आहेत.”

बायकोने पायाने थोडी माती उकरली.

“अहो, तुम्ही अभ्यास पुरा करा. मी राहते.”

“राहतेस? कुठे?”

“मागची खोली रिकामीच आहे,” नर्सबाई आतून म्हणाल्या. “बघायला येणारे कधी मागे जातच नाहीत.”

निरीक्षकांना थट्टा वाटली. साडेपाचची बस आली, तिने दोनदा हॉर्न दिला, वही अपुरी होती, म्हणून ते चढले. घरी पोचल्यावर जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबले. त्यांच्या गुडघ्यांना काहीही झालं नव्हतं.

आता ते दर रविवारी जातात. नर्सबाईंना कंटाळा आल्यामुळे घर दाखवायचं काम बायकोकडे आलं आहे. निरीक्षक रांगेत उभे राहतात आणि नंबर आला की ती त्यांनाही सगळ्यांसारखंच फिरवते: हे स्वयंपाकघर, ही खिडकी, इथे सकाळी ऊन येतं. चव्वेचाळिसाव्या रकान्यात ‘कायम राहायला आलेले: एक’ अशी नोंद आहे. नमुना लहान असल्याने तिच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

“आणखी काही बघायचंय?” ती शेवटी विचारते. ती आता कशावरही हात न टेकता पायरी चढते.

“पुढच्या आठवड्यात एकदा बघतो,” ते म्हणतात आणि बस पकडतात.

निरीक्षकांना हसणाऱ्या वाचकांनी कृपया नोंद घ्यावी की रांग आता चौकापर्यंत आली आहे आणि तुम्हीही हे सगळं ‘आधी जरा वाचून तर घेऊ’ म्हणूनच वाचलंत. ‘या वर्षी नक्की’ असं तुम्ही ज्या माणसाला सांगून ठेवलं आहे, त्याला मात्र हे वाचायला देऊ नका. त्याने अजून पिशवी भरलेली नाही, एवढीच एक गोष्ट सध्या तुमच्या बाजूने आहे.